चित्रकथेच्या करारावर सही करण्याआधी: नव्या लेखक-चित्रकारांसाठी

१ मार्च १९३८ या तारखेचा ४१२ डॉलरचा एक चेक आहे. त्यातले १३० डॉलर सुपरमॅनचे: तेरा पानं, पानामागे दहा डॉलर. बाकीची रक्कम इतर किरकोळ कामांची. क्लीव्हलँडचा लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोघांनी तेवढ्या पैशांत सुपरमॅनचे सगळे हक्क डिटेक्टिव्ह कॉमिक्सला कायमचे देऊन टाकले. २०१२ साली तो नुसता चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. तोवर दोघांपैकी कुणीही हयात नव्हतं.

अमेरिकेतली न्यायालयं त्या एका व्यवहाराचा पुढे कित्येक दशकं अधूनमधून कीस पाडत राहिली. चित्रकथेच्या धंद्यात असे खटले बरेच आहेत आणि नव्या माणसाने ते वाचावेत, असं मला वाटतं. कुणाचं कुठे चुकलं हे दुसऱ्यांनी वकिलांवर पाण्यासारखा पैसा ओतून शोधून ठेवलंय आणि बरेचसे निकाल कुणालाही वाचायला मिळतात. घरबसल्या परदेशी प्रकाशकासाठी पानं काढणाऱ्यांना त्यांचा थेट उपयोग आहे. मराठीत स्वतःची चित्रकादंबरी करू पाहणाऱ्यांनाही थोड्या फरकाने आहेच. वकील लागेल तिथे वकील गाठाच, पण त्याला काय विचारायचं ते आधी ठाऊक असलं की फी वाया जात नाही.

भांडणं निरनिराळी दिसली तरी मुळात प्रश्न दोन: ही गोष्ट कुणाची, आणि नफा कशाला म्हणायचं. पहिल्या प्रश्नावर सगळे जीव तोडून भांडतात. पैसे मात्र दुसऱ्यावर जास्त बुडतात.

पायरी १: या कामात आपण कोण, ते ठरवा

अमेरिकी करार हातात आला की त्यात ‘वर्क मेड फॉर हायर’ हे शब्द शोधा. ते असतील आणि कायद्याच्या अटींत बसत असतील, तर त्या पानांचे कर्ते तुम्ही नव्हेच, कंपनी. त्याऐवजी ‘हक्क हस्तांतरित करतो’ असं लिहिलं असेल तर एक खिडकी उघडी राहते. १९७८ पासूनच्या अशा करारांत कर्ता किंवा त्याचे वारस साधारण ३५ वर्षांनी अमेरिकेतले हक्क परत मागू शकतात. त्याआधीच्या कामांना ही मुदत ५६ वर्षांची आहे. ‘फॉर हायर’ कामाला मात्र ही सोय नाही.

हा फरक किती महाग पडतो ते जॅक कर्बीच्या वारसांना विचारा. स्टॅन लीबरोबर फँटॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन उभे करणारा हा चित्रकार. त्याच्या मुलांनी २००९ मध्ये हक्क परत मागणाऱ्या ४५ नोटिसा धाडल्या. २०११ मध्ये ती न्यूयॉर्कच्या न्यायालयात हरली, २०१३ मध्ये अपिलातही हरली. न्यायालयाने पाहिलं ते एवढंच, की काम कुणाच्या सांगण्यावरून झालं आणि कुणाच्या खर्चाने. कर्बी घरी बसून काढायचा, कागद-पेन्सिल त्याची स्वतःची. पण अंक खपो न खपो, मार्वल पानागणिक ठरलेले पैसे देत होती, म्हणून जोखीम मार्वलची मानली गेली. वारस सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे अर्ज विचाराला येण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. रक्कम गुलदस्त्यात राहिली.

याच्या शेजारी सुपरमॅन ठेवून बघा. सीगल-शुस्टरने तो कुणाच्या सांगण्यावरून केला नव्हता. कल्पना आणि पानं आधीपासून तयार होती, प्रकाशकांकडून नकार खाऊन झाले होते. म्हणूनच १३० डॉलरची सही करूनही २००८ साली न्यायालयाने सीगलच्या वारसांचा त्या पहिल्या गोष्टीवरचा हक्क मान्य केला. (तो पुढे कसा निसटला, ते शेवटच्या पायरीत.)

म्हणजे पहिलं काम हे, की मागणी येण्याआधी जे तुमचं तयार आहे त्याला तारखेचा पुरावा ठेवा: कच्ची रेखाटनं, पात्रांचे तक्ते, कथेचा आराखडा. भारतात कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात कामाला येते. साध्या कलाकृतीला किंवा लेखनाला सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. चांगल्या ब्रशलाही याहून जास्त पडतात. शिवाय करारात लिहून घ्या की अमुक पात्र करारापूर्वीचं आहे.

भारतीय कायदा फ्रीलान्स माणसाच्या बाबतीत एकंदरीत बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पहिला मालक कर्ताच, आणि तुम्ही पगारी नोकर असाल तर नोकरीतल्या कामाचा मालक नोकरी देणारा. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. मोबदला घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं ‘पेंटिंग किंवा पोर्ट्रेट’ असेल तर, वेगळं ठरलं नसल्यास, पहिला मालक सांगणारा. आतल्या पानांच्या रेषांना हे लागू होईल का यावर वाद घालता येईल. रंगवलेल्या मुखपृष्ठाबाबत मी तरी जोखीम घेणार नाही. ‘मुखपृष्ठासह सर्व चित्रांचा पहिला मालक चित्रकार’ हे एक वाक्य करारात घाला.

पायरी २: कागदाची मागची बाजू वाचा

कित्येक वर्षं अमेरिकी प्रकाशक हक्कांचा मजकूर चेकच्या मागेच छापत असत. पैसे वटवायला सही केली की हक्क गेले. आज तेच काम पैसे मिळवण्यासाठी भरायचा फॉर्म, पुरवठादार नोंदणीचं पान किंवा ‘मी सहमत आहे’ची खूण करू शकते. मूळ करारात नसलेली अट तिथे दिसली तर थांबा.

काम देऊन झाल्यावर येणारे कागद त्याहून घातक. कॅप्टन अमेरिकाचा एक जनक जो सायमन याच्याकडून १९६९ च्या तडजोडीत लिहून घेतलं होतं की ते काम ‘फॉर हायर’ होतं. तीस वर्षांनी त्याने हक्क परत मागितले तेव्हा मार्वलने तोच कागद पुढे केला. २००२ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की काम झाल्यानंतर लेबल बदलून हा हक्क काढून घेता येत नाही. निकाल उत्तम. पण दरवेळी असं नशीब कुणाचं असतं? घोस्ट रायडरच्या गॅरी फ्रेडरिकने पात्र आणलं १९७२ मध्ये आणि कंपनीच्या एका पानी करारावर सही केली १९७८ मध्ये. खालच्या न्यायालयात तो हरला. उलट जत्रा-संमेलनांत घोस्ट रायडरची चित्रं विकल्याबद्दल १७ हजार डॉलर द्यायचं त्याच्यावर आलं. २०१३ मध्ये अपिलात तो कराराचा कागद संदिग्ध ठरला, निकाल फिरला आणि मग तडजोड झाली. एका पानाच्या भाषेवर एवढं रामायण.

जुन्या कामावर नवा कागद आला तर ‘हे पूर्वी झालेल्या कामाला लागू नाही’ असं लिहून परत पाठवा.

पायरी ३: जोडीदाराशी आधी ठरवा

लेखक आणि चित्रकार मित्र असतात, म्हणून कागद होत नाही. मैत्री टिकवायची असेल तर उलट आधी कागद करा.

१९९३ मध्ये टॉड मॅकफार्लेनने आपल्या स्पॉन मालिकेचा नववा अंक नील गेमनकडून लिहून घेतला. लेखी करार नव्हता, मोठ्या कंपन्यांपेक्षा चांगलं वागवू असं तोंडी आश्वासन होतं. अंक दहा लाखांवर खपला, गेमनला एक लाख डॉलर मिळाले, दोघे खूश. त्या अंकातली अँजेला, कोग्लिओस्ट्रो आणि मध्ययुगीन स्पॉन ही पात्रं पुढे खेळण्यांत आणि इतरत्र वापरली गेली, तेव्हा कुरबुर सुरू झाली. २००२ मध्ये ज्यूरीने गेमनच्या बाजूने कौल दिला, २००४ मध्ये अपिलात तो कायम राहिला: लेखक आणि चित्रकार दोघेही सहमालक. एकाने नुसतं शब्दांत वर्णन केलं आणि दुसऱ्याने रेखाटलं, तरी पात्र दोघांचं. शेवटचा समझोता व्हायला २०१२ उजाडलं. मोठ्या कंपन्या हक्क देत नाहीत म्हणून १९९२ मध्ये ज्या सात चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढली, त्यांतलाच मॅकफार्लेन एक. शोषणाविरुद्ध बोलणारा माणूसही कागद न करता कारभार करू शकतो.

वॉकिंग डेडचंही तसंच. रॉबर्ट कर्कमन लेखक, टोनी मूर पहिल्या सहा अंकांचा चित्रकार, दोघे लहानपणापासूनचे दोस्त. २००५ मध्ये मूरने आपले हक्क वाट्याच्या आश्वासनावर कर्कमनला दिले. २०१२ मध्ये तो न्यायालयात गेला. त्याची तक्रार अशी की वाटा बरोबर आहे की नाही हे तपासायला हिशेबच दाखवले जात नाहीत. त्याच वर्षी मिटलं.

तेव्हा पहिलं पान काढण्याआधी दोघांच्या सहीचं एक पान करा. कथेत, पात्रांत, चित्रांत कुणाचे किती टक्के. एकाने मधेच सोडलं तर पुढचे भाग कोण करणार, आणि सोडणाऱ्याला काय मिळणार. चित्रपटाची विचारणा आली तर एकटा ‘हो’ म्हणू शकतो का. एकजण वारला तर त्याच्या वाट्याचं काय. यातला तिसरा मुद्दा परदेशी व्यवहारात फार नडतो. अमेरिकेत एक सहमालक दुसऱ्याला न विचारता साधा परवाना देऊ शकतो, फक्त हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये उलट भूमिका घेतली, की दुसऱ्या सहमालकाच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. कोणत्या देशाचा कायदा लागू, हेही त्याच पानावर लिहा.

पायरी ४: ‘नफा’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा

‘निव्वळ नफ्याच्या ४० टक्के’ ऐकायला गोड. एक काल्पनिक हिशेब करू. पुस्तक ३०० रुपयांचं, खप २००० प्रती. वितरक आणि दुकानदार मिळून निम्मे घेतात, उरले १५०. छपाई ८०, उरले ७०. संपादन, जाहिरात, कार्यालय यांचा ‘वाटणीचा खर्च’ ६०, उरले १०. त्याचे ४० टक्के म्हणजे प्रतीमागे ४ रुपये, एकूण ८ हजार. आता छापील किमतीवर १० टक्के घ्या: प्रतीमागे ३० रुपये, एकूण ६० हजार. टक्का चौपटीने कमी, हातात पैसे साडेसातपट. शिवाय त्या ‘वाटणीच्या खर्चा’चा आकडा तुम्ही ठरवत नाही.

चित्रपट-मालिकांत हीच गोष्ट कोटींत होते. सर्वांत गाजलेलं उदाहरण चित्रकथेचं नाही, तरी सांगायला हवं. आर्ट बुकवाल्ड या स्तंभलेखकाच्या कल्पनेवरून पॅरामाउंटने ‘कमिंग टू अमेरिका’ काढला, असं १९९० मध्ये न्यायालयाने मान्य केलं. चित्रपट तुफान चाललेला. स्टुडिओचं म्हणणं, निव्वळ नफा शून्य. न्यायालयाने ते हिशेबाचं सूत्रच अन्यायकारक ठरवलं आणि शेवटी बुकवाल्ड व त्याच्या निर्मात्याला मिळून ९ लाख डॉलर द्यायला लावले.

स्टॅन ली तर मार्वलचा चेहराच. १९९८ च्या करारात त्याला चित्रपट-मालिकांच्या नफ्यात १० टक्के होते. २००२ मध्ये स्पायडर-मॅनने जगभरात धुमाकूळ घातला आणि लीला वाटा मिळेना, तेव्हा वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर त्याने स्वतःच्याच कंपनीवर दावा लावला. जानेवारी २००५ मध्ये मुख्य मुद्द्यावर निकाल त्याच्या बाजूने गेला आणि त्याच वर्षी मार्वलने एक कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ज्याच्या नावावर कंपनी ओळखली जाते त्याला जर हे करावं लागलं, तर तुमच्या-माझ्या करारात व्याख्या नको?

आणि पुन्हा कर्कमन. २०१७ मध्ये हाच कर्कमन इतर निर्मात्यांसह एएमसी या अमेरिकी टीव्ही कंपनीविरुद्ध उभा राहिला. ही कंपनी वॉकिंग डेडवरची मालिका स्वतःच बनवायची आणि स्वतःच्याच वाहिनीला विकायची. एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारी ती किंमत मुद्दाम कमी धरली आणि त्यामुळे आमचा वाटा आक्रसला, असा त्यांचा दावा. २०२० मध्ये न्यायाधीश मुख्य मुद्द्यांवर एएमसीच्या बाजूने गेले, कारण करारातच लिहिलं होतं की मिळकतीची व्याख्या कंपनीच्या मसुद्याप्रमाणे. सही करताना ती व्याख्या सोबत जोडलेली नसली तरी बंधनकारक! त्याच मालिकेचा पहिला कर्ताधर्ता फ्रँक डाराबॉन्ट आणि त्याची एजन्सी यांनी वेगळा लढा दिला. २०२१ मध्ये त्यांची तडजोड २० कोटी डॉलरला झाली.

म्हणून क्रम असा धरा. शक्यतो छापील किमतीवर टक्के मागा. ते नाही मिळालं तर प्रकाशकाच्या हातात प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर. तेही नाही तर खपाच्या टप्प्यांवर ठरावीक बोनस: ५००० प्रतींना इतके, १०,००० ला इतके. नफ्यावरच अडून बसले तर वजा करायच्या खर्चांची बंद यादी मागा आणि तिच्या शेवटी ‘इत्यादी’ येऊ देऊ नका. सख्ख्या कंपन्यांमधले व्यवहार बाजारभावाने धरायचे, हे लिहून घ्या. वर्षातून एकदा तुमचा लेखापाल हिशेब तपासू शकेल आणि ठरावीक टक्क्यांहून मोठी तफावत निघाली तर तपासणीचा खर्च प्रकाशकाचा. हे शेवटचं वाक्य प्रकाशकाला आवडत नाही. ते आग्रहाने ठेवा.

पायरी ५: किती वर्षं, कुठे, कशात

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या वॉचमेनच्या करारात हक्क परत येण्याची अट होती: पुस्तक छपाईबाहेर गेलं की काही काळाने हक्क कर्त्यांकडे. त्या काळात चित्रकथांचे अंक महिन्या-दोन महिन्यांत बाजारातून जात, त्यामुळे अट भक्कम वाटली. पण १९८७ मध्ये सगळे अंक एकत्र करून पुस्तक निघालं आणि ते आजतागायत छापलं जातंय. खटला झाला नाही, मूर मात्र प्रकाशक डीसीपासून (म्हणजे पूर्वीची डिटेक्टिव्ह कॉमिक्स) कायमचा तुटला. आज ई-पुस्तक एका फाइलवर जगतं, म्हणजे ‘छपाईबाहेर’ ही वेळ कधीच येणार नाही. तेव्हा अट छपाईवर नको, विक्रीवर हवी.

भारतीय कायदा इथे तुमच्या मदतीला येतो. कलम १९ नुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, वेगळं ठरलं नसल्यास, ते हस्तांतर संपतं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेलं माध्यम स्पष्ट उल्लेखाशिवाय त्यात येत नाही. ‘संपूर्ण विश्वात, चिरकाल, ज्ञात-अज्ञात सर्व माध्यमांत’ हे वाक्य प्रकाशकांचे वकील का घालतात ते आता कळलं असेल. ते खोडा. पुस्तक, ई-पुस्तक, अनुवाद, ध्वनी, चित्रपट-मालिका, खेळणी-कपडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापर, असे तुकडे पाडा आणि प्रकाशक जे खरंच करणार आहे तेवढंच द्या.

पायरी ६: नाव

बॅटमॅनचा पोशाख, गॉथम, कितीतरी खलनायक घडवण्यात बिल फिंगरचा मोठा हात. करार मात्र एकट्या बॉब केनने केला होता, त्यामुळे श्रेयही त्याचंच. फिंगर १९७४ मध्ये गेला आणि अधिकृत श्रेय आलं २०१५ मध्ये. भारतात कलम ५७ मुळे कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कॉपीराइट विकला तरी तुमच्याकडे राहतो. तरीही नाव कुठे, कोणत्या क्रमाने आणि चित्रपट झाला तर पडद्यावर कसं, हे लिहून घ्याच.

पायरी ७: भांडण उभं राहिलंच तर

आधी तारखा बघा. कॉपीराइटच्या दाव्याला अमेरिकेत तीन वर्षांची मुदत आहे, भारतातही नुकसानभरपाईच्या दाव्याला तीन. ‘बघू, पुढच्या हिशेबात येईल’ म्हणत लोक ही वर्षं घालवतात.

मग पत्रं लिहिताना हात आखडता घ्या. सीगलच्या वारसांचं तेच झालं. ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांच्या वकिलाने एका पत्रात डीसीच्या अटी मान्य असल्याचं कळवलं. सविस्तर करारावर पुढे सही झालीच नाही, वारसांनी बोलणी मोडली, वकील बदलला, २००८ मध्ये मोठा निकाल मिळवला. आणि २०१३ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, ते २००१ चं पत्र हाच करार होता. वाटाघाटीच्या प्रत्येक ई-मेलखाली ‘सविस्तर लेखी करारावर सही होईपर्यंत काहीही बंधनकारक नाही’ ही ओळ घाला. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणंही टाळा.

न्यायालयाबाहेरचा दबावही कमी लेखू नका. १९७५ मध्ये सीगल-शुस्टर कायद्याच्या लढाईत हरलेले होते. तेव्हा नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी वर्तमानपत्रांतून रान उठवलं. सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला होता, कंपनीला बदनामी परवडणार नव्हती. दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि श्रेयनाम मिळालं. फक्त सार्वजनिक बोलण्याआधी करारातली गोपनीयतेची अट तपासा आणि जे कागदावर दाखवता येईल तेवढंच बोला.

राहता राहिली ती नेहमीची अडचण. प्रकाशक म्हणतो, ‘हा आमचा ठरलेला मसुदा आहे, सगळे यावरच सही करतात.’ पहिल्या पुस्तकाच्या वेळी तुमच्या हातात फारसं काही नसतं, हे खरं. सगळी कलमं बदलून मागू नका. एकच बदल मिळणार असेल तर मी टक्के वाढवून मागणार नाही, हक्क परत येण्याची अट मागेन, कारण पुस्तक चाललं नाही तर प्रकाशकाचं त्यात काहीच जात नाही आणि म्हणून ती बऱ्याचदा मिळते. मजकूर साधा ठेवा: ‘ज्या आर्थिक वर्षात छापील व डिजिटल मिळून ____ पेक्षा कमी प्रती विकल्या जातील, त्या वर्षानंतर कर्त्याने लेखी मागणी केल्यापासून ९० दिवसांत सर्व हक्क कोणत्याही मोबदल्याविना कर्त्याकडे परत येतील.’ रिकाम्या जागी पहिल्या आवृत्तीच्या साधारण एक दशांश आकडा मागा, आणि फुकट वाटलेल्या किंवा रद्दीच्या भावात काढलेल्या प्रती त्यात धरायच्या नाहीत, हेही शेजारीच लिहा.